घरून काम : कोणत्या घरातून, कोणतं काम

शांघायच्या सीट्रिप या कंपनीत २०१० साली एक सोडत निघाली. सोडत घरांची नव्हती, पण जिंकणाऱ्याला घरीच बसायला मिळणार होतं. ज्यांची जन्मतारीख सम, त्यांनी आठवड्यातले चार दिवस घरून काम करायचं. ज्यांची विषम, त्यांनी रोजच्यासारखं ऑफिसात यायचं.

विमानाची तिकिटं आणि हॉटेलच्या खोल्या आरक्षित करून देणं हा या कंपनीचा व्यवसाय. शांघायमध्ये जागेचं भाडं वाढत चाललं होतं आणि कॉल सेंटरमधली मुलंमुली टिकत नव्हती. वर्षभरात जवळपास निम्मी सोडून जायची. कंपनीचे एक संस्थापक जेम्स लियांग त्या काळात अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात अर्थशास्त्राची पीएचडी करत होते. तिथले प्राध्यापक निकोलस ब्लूम आणि लियांग यांनी ठरवलं, की घरून काम दिलं तर काय होतं यावर वाद घालण्यापेक्षा ते करूनच बघावं. तयार असलेल्यांपैकी २४९ जण पात्र ठरले. त्यांना साहेब तेच, कामाच्या वेळा त्याच, संगणकावरची प्रणालीही तीच. बदलली फक्त बसायची जागा.

नऊ महिन्यांनी हिशेब केला तेव्हा घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलेलं निघालं. त्यातले ९ टक्के आले ते आजारपणाच्या रजा आणि मधल्या सुट्ट्या कमी झाल्यामुळे, म्हणजे माणूस पाळीतली जास्त मिनिटं प्रत्यक्ष फोनवर होता. उरलेले ४ टक्के आले ते मिनिटागणिक जास्त फोन घेतल्यामुळे, कारण घरी शांतता होती. नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. कंपनीचे माणशी वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर वाचतील असा अंदाज निघाला. घरून काम कसं फायद्याचं आहे हे सांगताना गेली दहा वर्षं हाच प्रयोग पुढे केला जातो.

पण त्यातल्या दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. पहिली, पात्रतेची अट. ज्याच्या घरी कामासाठी वेगळी खोली आहे, ब्रॉडबँड आहे आणि ज्याला कंपनीत किमान सहा महिने झाले आहेत, अशांनाच सोडतीत घेतलं होतं. दुसरी गोष्ट प्रयोग संपल्यावरची. कंपनीने सगळ्यांना घर की ऑफिस हे निवडायची मोकळीक दिली, तेव्हा घरून काम केलेल्यांपैकी निम्मे लोक आपणहून ऑफिसात परतले. नऊ महिने एकट्याने काढून ते कंटाळले होते. शिवाय तेवढंच चांगलं काम करूनही बढती मिळण्यात घरी बसणारे मागे पडत होते. ज्यांना मानवलं ते घरी राहिले, ज्यांना मानवलं नाही ते परत आले, आणि मग घरून कामाचा फायदा १३ वरून २२ टक्क्यांवर गेला.

घरून काम चांगलं की वाईट, हा प्रश्न मला म्हणूनच अर्धवट वाटतो. घर कसं आहे, काम कोणतं आहे आणि माणूस नोकरीत नवा आहे की मुरलेला, हे कळल्याशिवाय त्याला उत्तरच नाही.

कल्पना तशी जुनी आहे. जॅक निलेस या अमेरिकन अभियंत्याने १९७३ साली तिला नाव दिलं. त्याच वर्षी तेलाचं संकट आलं. माणसं गाडीत बसून कामापर्यंत नेण्यापेक्षा काम तारेवरून माणसांपर्यंत न्यावं, असं त्याचं म्हणणं होतं. आपल्याकडे मात्र २०२० पर्यंत नियमच आडवे येत. कॉल सेंटरांसाठी दूरसंचार विभागाच्या अटी होत्या आणि विशेष आर्थिक क्षेत्रातल्या कंपनीचा संगणक आवाराबाहेर न्यायचा तर परवानगी लागे. २० मार्च २०२० रोजी करोनामुळे मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपुरातली खासगी कार्यालयं बंद करण्याची घोषणा झाली आणि त्यानंतरच्या आठवड्यांत डेस्कटॉप, यूपीएस टॅक्सीत आणि टेम्पोत घालून लोकांच्या घरी पोहोचवले गेले. नियम मागाहून बदलले: दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२० मध्ये अटी सैल केल्या, विशेष आर्थिक क्षेत्रांसाठी घरून कामाचा नियम जुलै २०२२ मध्ये आला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २०२० मध्येच जाहीर केलं, की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांहून जास्त लोकांनी ऑफिसात असण्याची गरज उरणार नाही. त्याच कंपनीने २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये लोकांना आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात बोलावलं. साडेतीन वर्षांत एवढी मोठी कंपनी एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेली, यावरून हा प्रश्न किती अवघड आहे ते कळतं.

नोकरदाराला काय मिळालं, हे हिंजवडीला नोकरी करणाऱ्याला विचारावं. पावसाळ्यात वाकडच्या पुलावरून भूमकर चौकापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ ज्याने बसच्या खिडकीतून मोजला आहे, त्याला घरून काम म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. २७ देशांतल्या नोकरदारांची एक पाहणी झाली. तिच्यात असं दिसलं, की घरून काम केलं की दिवसाला सरासरी ७२ मिनिटं वाचतात. भारतातला आकडा ९९ मिनिटांचा होता. त्या वाचलेल्या वेळाचं काय होतं, तेही त्या पाहणीत विचारलं होतं. सगळ्या देशांचा मिळून हिशेब असा, की सुमारे ४० टक्के वेळ पुन्हा कामातच जातो आणि ११ टक्के मुलांच्या किंवा वडीलधाऱ्यांच्या देखभालीत.

आता चेन्नईचा प्रयोग. माझ्या मते या विषयावर भारतात झालेलं हे सगळ्यात महत्त्वाचं संशोधन आहे आणि त्याची चर्चा फार कमी झाली. डेव्हिड अ‍ॅटकिन, आंत्वानेट शोअर आणि सुमित शिंदे या अर्थशास्त्रज्ञांनी डेटा एन्ट्रीच्या कामासाठी माणसं नेमली. आधी प्रत्येकाला विचारलं, तुम्हाला घरून काम आवडेल की ऑफिसातून? उत्तर लिहून घेतलं आणि मग कुणी कुठे बसायचं हे चिठ्ठ्यांवर सोडलं. घरून काम करणाऱ्यांची उत्पादकता ऑफिसवाल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी निघाली. त्यातला दोन तृतीयांश फरक पहिल्याच दिवशी दिसला. बाकीचा हळूहळू वाढला, कारण ऑफिसात बसणारे काम लवकर शिकत गेले.

शांघायमध्ये १३ टक्के वाढ आणि चेन्नईत १८ टक्के घट. कामही साधारण एकाच जातीचं, बसून करायचं, मोजता येणारं. पण शांघायमध्ये वेगळी खोली नसलेल्याला प्रयोगात घेतलंच नव्हतं.

चेन्नईच्या अभ्यासात याहून बोचणारी एक गोष्ट आहे. ज्यांनी 'घरून काम आवडेल' असं सांगितलं होतं, ते मुळात जास्त हुशार कामगार होते. सुरुवातीच्या चाचणीत त्यांचा वेग आणि अचूकपणा १२ टक्क्यांनी सरस होता. मात्र घरी बसल्यावर त्यांचंच काम सर्वांत जास्त घसरलं. ऑफिस पसंत करणाऱ्यांचं घरून काम १३ टक्क्यांनी कमी भरलं, तर घर पसंत करणाऱ्यांचं २७ टक्क्यांनी. जे घरी चांगलं काम करू शकत नाहीत, तेच घर का मागतात? संशोधकांना याचं काही उत्तर सापडलं ते घरातल्या जबाबदाऱ्यांमध्ये: लहान मुलं, आजारी माणसं, बेताची परिस्थिती. घर त्यांच्या आवडीचं नव्हतंच, घर सोडता येत नव्हतं म्हणून ते घर मागत होते.

माझी एक मैत्रीण डोंबिवलीच्या वन बीएचकेमधून चार वर्षं असं काम करते आहे. तिचं ऑफिस म्हणजे बेडरूममधलं इस्त्रीचं टेबल. पाठीमागच्या भिंतीला कपाट आहे, त्याचं दार उघडं राहिलं की कॅमेऱ्यात दिसतं, म्हणून दाराला रबरबँड लावलेला. सकाळी दहाची मीटिंग सुरू होते तेव्हा स्वयंपाकघरात कुकर चढवलेला असतो. ती म्यूटवर बसून शिट्ट्या मोजते. तिसरी झाली की कानात हेडफोन तसाच ठेवून धावत जाऊन गॅस बंद करते आणि परत येईपर्यंत कुणी आपलं नाव घेऊ नये अशी मनात प्रार्थना करते. घरात सासरे असतात, मुलगा असतो, नवराही आठवड्यातले दोन दिवस घरून काम करतो. त्याची मीटिंग चालू असली की दार लावून घेतलं जातं आणि मुलाला सांगतात, बाबांना त्रास देऊ नकोस. तिच्या मीटिंगला दार उघडंच असतं. 'ऑफिसला जाते म्हटलं की सगळे समजून घेतात,' ती मला म्हणाली, 'घरी आहे म्हटलं की मी घरीच असते.'

हे तिच्या एकटीच्या घरातलं नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. शिवाय पुरुषांमध्ये दिवसभरात घरातल्या कुठल्याही कामाला हात लावणारेच जेमतेम २६ टक्के होते. अशा घरात कंपनीचं काम आणून ठेवलं, तर ते कुणाच्या पाच तासांच्या शेजारी येऊन बसणार? २०१७ च्या प्रसूतिलाभ सुधारणा कायद्यात रजा २६ आठवड्यांची झाली, आणि त्यानंतर कामाचं स्वरूप तसं असेल तर परस्परसंमतीने घरून काम देता येईल अशी तरतूदही आली. तरतूद चांगली आहे, तिच्यामुळे कितीतरी जणींना नोकरी सोडावी लागत नाही. पण नोकरी टिकणं आणि नोकरीत पुढे जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शांघायमध्ये बढतीचं जे झालं, ते इथे होणार नाही असं मानायला काही कारण नाही.

घरून काम म्हणजे आराम, हा समजही खरा नाही. एका मोठ्या आशियाई आयटी सेवा कंपनीतल्या दहा हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांची करोनाकाळातली संगणकीय नोंद अभ्यासकांनी तपासली. लोक जास्त तास काम करत होते, विशेषतः ठरलेल्या वेळेबाहेर. काम मात्र वाढलं नव्हतं, म्हणून तासामागची उत्पादकता ८ ते १९ टक्क्यांनी घसरलेली दिसली. वेळ गेला तो मीटिंगांमध्ये. ऑफिसात जो प्रश्न मान वळवून विचारला जाई, त्यासाठी आता अर्ध्या तासाचं निमंत्रण जाऊ लागलं, आणि सलग डोकं लावून काम करायला मिळणारे तास कमी झाले. संध्याकाळी ऑफिस सुटणं नावाची गोष्ट उरली नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कात न राहण्याचा हक्क कायद्याने मान्य आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या हिवाळी अधिवेशनात तशाच हक्काचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही.

आणि आता ज्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते, ते नव्या मुलांचं शिकणं.

आपल्याकडे काही गोष्टी शिकवून येत नाहीत, त्या कानावर पडाव्या लागतात. गाणाऱ्यांच्या घरातलं मूल जसं रियाज ऐकत वाढतं, तसंच ऑफिसातही असतं. शेजारच्या टेबलावरचा मुरलेला माणूस चिडलेल्या ग्राहकाशी फोनवर कसा बोलतो, चूक कबूल करताना कोणते शब्द वापरतो, साहेबांकडे कुठली गोष्ट नेतो आणि कुठली स्वतःच निस्तरतो, हे कुठल्याही प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत नसतं. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे थॉमस अ‍ॅलन यांनी १९७० च्या दशकात प्रयोगशाळांमधल्या अभियंत्यांची टेबलं एकमेकांपासून किती दूर आहेत हे मोजलं आणि कोण कुणाशी किती बोलतं याच्याशी ताडून पाहिलं. अंतर वाढलं की बोलणं झपाट्याने घटतं आणि तीसेक मीटरच्या पुढे जवळपास थांबतंच, असं त्यांना दिसलं.

अलीकडे नताली इमॅन्युएल, एमा हॅरिंग्टन आणि अमांडा पॅलेस यांनी एका मोठ्या अमेरिकन कंपनीत हेच नव्याने तपासलं. तिथल्या सॉफ्टवेअर अभियंत्यांच्या काही टीम एकाच इमारतीत बसत, काही थोड्या अंतरावरच्या दोन इमारतींत विभागलेल्या. एकत्र बसणाऱ्यांना त्यांनी लिहिलेल्या कोडवर सहकाऱ्यांकडून २२ टक्के जास्त सूचना मिळत. २०२० मध्ये ऑफिस बंद झालं, सगळेच घरी गेले आणि हा फरक बहुतांशी नाहीसा झाला. सर्वांत जास्त नुकसान नव्या आणि तरुण अभियंत्यांचं झालं. याची दुसरी बाजूही त्यांनी लपवली नाही: शेजारी नवखे बसले की अनुभवी अभियंत्यांचं स्वतःचं काम कमी होतं. शिकवायला वेळ लागतो आणि तो कुणाच्या तरी कामातून वजा होतो. घरून काम सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत अनेक कंपन्यांना काम वाढल्यासारखं वाटलं, त्यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं. जाणत्यांची शिकवण्यातून सुटका झाली, त्याची किंमत पुढे मोजायची होती.

माझी भाची २०२१ मध्ये साताऱ्याहून पुण्याच्या एका कंपनीत लागली. 'लागली' म्हणायचं, पण ती साताऱ्यातच होती. लॅपटॉप कुरिअरने आला. तिला एखादी गोष्ट अडली की ती चॅटवर 'सर, एक शंका होती' असं लिहायची, मग खोडायची. सर बिझी असतील. आपल्याला एवढंही येत नाही असं त्यांना वाटेल. पुन्हा लिहायची, पुन्हा खोडायची. एकदा असे दोन दिवस गेले. अडचण होती ती एका सेटिंगची. वर्षभराने ऑफिस सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात ती कुठेतरी अडली, वैतागून स्वतःशीच काहीतरी पुटपुटली. पलीकडच्या टेबलावरच्या मुलाने मान वर न करता उत्तर दिलं. त्या रात्री तिने मला फोन केला तो हे सांगायला, की तिला एवढं सोपं असतं हे माहीतच नव्हतं.

कंपनीच्या दृष्टीनेही नुकसान इथेच होतं, आणि ते कुठल्याही महिन्याच्या हिशेबात दिसत नाही. मायक्रोसॉफ्टने आपल्या अमेरिकेतल्या ६१ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांचे २०२० च्या पहिल्या सहामाहीतले ईमेल, चॅट आणि मीटिंगा यांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्याशी रोजचं काम पडतं त्यांच्याशी संबंध घट्ट झाले होते, पण दुसऱ्या विभागातल्या माणसांबरोबर जाणारा वेळ सुमारे एक चतुर्थांशाने घटला होता. कंपनीत नवी कल्पना बहुतेकदा अशाच दोन विभागांच्या मधल्या जागेत, चहाच्या टपरीवर किंवा लिफ्टमध्ये, जन्माला येते. करोनाकाळात हिंजवडीत त्या टपऱ्याच बंद पडल्या. मेसवाल्या मावश्या, पेइंग गेस्ट ठेवणारी कुटुंबं, रात्रपाळीच्या मोटारी चालवणारे, ऑफिसची साफसफाई करणारे, या सगळ्यांचं पोट त्या रोजच्या येण्याजाण्यावर होतं आणि त्यांना घरून करण्याजोगं काम नव्हतं.

मग काय करावं? सीट्रिपने, म्हणजे आताच्या ट्रिप डॉट कॉमने, २०२१-२२ मध्ये पुन्हा सोडत काढली. या वेळी १,६१२ पदवीधर कर्मचारी होते: अभियंते, विपणनातले, हिशेबातले. निम्म्यांना बुधवारी आणि शुक्रवारी घरून काम, बाकी दिवस ऑफिस. नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं. त्यातही बायका आणि लांबून येणारे जास्त टिकले. कामाचा दर्जा आणि बढत्या यांवर पुढची दोन वर्षं काही परिणाम दिसला नाही. प्रयोगाआधी तिथल्या व्यवस्थापकांना वाटत होतं की उत्पादकता घटेल. प्रयोगानंतर त्यांनीच मत बदललं. यात महत्त्वाचं आहे ते दिवस ठरलेले असणं. ज्याने त्याने वाटेल तेव्हा यायचं असं ठेवलं, तर माणूस दीड तास प्रवास करून ऑफिसात पोहोचतो आणि तिथे एकटाच बसून व्हिडिओवर मीटिंग करतो. त्यात प्रवासही गेला आणि सहवासही मिळाला नाही.

माझं मत स्पष्ट आहे. मुरलेल्या माणसाला, घरी जागा असलेल्याला, मोजता येणारं काम करणाऱ्याला आठवड्यातले दोन-तीन दिवस घर द्यावं आणि ते देताना उपकाराची भाषा वापरू नये. नव्याने लागलेल्याला पहिलं वर्ष माणसांत बसवावं, आणि त्याच्या शेजारी बसून शिकवणाऱ्याचा वेळ त्याच्या कामात धरावा. ज्यांना घर सोडता येत नाही त्यांच्यासाठी लॅपटॉप पाठवून थांबू नये. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असणं त्याच २०१७ च्या कायद्याने सक्तीचं केलं. ती सोय खरोखर आहे का, ते आपल्या ऑफिसात जरूर विचारा.

आणि तुमच्या घरात कुणी लॅपटॉपसमोर बसून काम करत असेल, तर तिची मीटिंग चालू असताना दार लावून घ्या आणि तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद करायला तुम्ही उठा.